हवाई नियंत्रण चमूचा सराव नकाशा, दोरा आणि घड्याळावर कसा घ्यावा

लढाऊ वैमानिक सिम्युलेटरवर तयार होतात हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या वैमानिकाला जमिनीवरील रडार केंद्रातून किंवा ॲवॅक्स (रडार बसवलेल्या टेहळणी) विमानातून दिशा देणाऱ्या, समोरचे विमान आपले की परके हे ठरवणाऱ्या आणि वेळ पडल्यास ‘थांबा’ म्हणणाऱ्या नियंत्रण चमूलाही असाच सराव लागतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या मनात महाराजपुऱ्याचा हवाई तळ म्हणजे मिराज-२००० लढाऊ विमाने एवढेच समीकरण पक्के बसले आहे. प्रत्यक्षात १९७१ मध्ये स्थापन झालेली आणि २००० सालापासून येथे असलेली ‘टॅकडे’ ही हवाई दलाची संस्था वैमानिकांबरोबर निवडक फायटर कंट्रोलरनाही, म्हणजे लढाऊ विमानांना दिशा देणाऱ्या नियंत्रकांनाही, प्रगत युद्धतंत्राचे शिक्षण देते. तेथील सराव अर्थातच आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. त्यामागील तत्त्वे मात्र उघड आहेत, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर, मुरार किंवा थाटीपूर या भागांतील एखाद्या सभागृहात एनसीसीच्या एअर विंगमधील छात्रांना, हवाई दलाच्या निवड परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना अथवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ती हाताने करून शिकवता येतात. असा सराव घेऊ इच्छिणाऱ्या शिक्षकांसाठी आणि येथे स्थायिक झालेल्या निवृत्त हवाई दल कर्मचाऱ्यांसाठी पुढील मार्गदर्शन आहे.

प्रारंभीच एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. नकाशा आपल्या परिसराचा घेतला तरी चालेल, कारण दतिया कोठे आणि भिंड कोठे हे मुलांना आधीच माहीत असल्याने वेळ वाचतो. परंतु खऱ्या तळावरील हालचाली, उड्डाणांच्या वेळा, छायाचित्रे किंवा रेडिओवर ऐकलेले काहीही सरावात आणू नये. निवृत्तांनी आपल्या सेवाकाळातील कार्यपद्धतीही बाजूला ठेवावी. विमाने, क्रमांक, सांकेतिक नावे आणि नियम हे सर्व कल्पित असावे. त्याने सरावाचे काहीही बिघडत नाही.

महागड्या पडद्यांची गरज किती?

पहिला प्रश्न नेहमी सामग्रीचा येतो आणि त्याचे उत्तर इतिहासातच आहे. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने सँटा मोनिका येथे हवाई संरक्षण केंद्राची प्रतिकृती प्रयोगशाळेत उभी केली. खऱ्या रडारऐवजी गणकयंत्राने कागदावर छापलेली ठिपक्यांची चित्रे चमूपुढे येत असत. १९५२ मधील पहिल्या प्रयोगात तर सैनिक नव्हतेच, महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आणि ते काम इतके लवकर शिकले की त्यांच्यापुढील विमानांची गर्दी वाढवत न्यावी लागली. प्रत्येक सत्रानंतर ‘काय घडले’ याचा हिशेब चमूसमोर मांडला जाई आणि पुढे कसे करावे हे चमूनेच आपापसात बोलून ठरवावे अशी पद्धत होती. या प्रयोगांतूनच अमेरिकी हवाई संरक्षण दलासाठी प्रशिक्षणाचा मोठा कार्यक्रम उभा राहिला आणि त्या कामासाठी १९५७ मध्ये एक स्वतंत्र संस्था वेगळी काढावी लागली. रँडमधील त्या मंडळींमध्ये ॲलन न्यूवेल होते. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आरंभीच्या शिल्पकारांत त्यांची गणना झाली.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की निधी मिळाल्यास पडदे आणि संगणक सर्वांत शेवटी घ्यावेत. चमू घडतो तो प्रसंगांच्या नेमक्या आखणीतून आणि त्यानंतरच्या प्रामाणिक चर्चेतून; पडद्यावरील चित्र किती हुबेहूब आहे याला त्यामानाने दुय्यम महत्त्व आहे. खऱ्या केंद्रांमध्ये विविध ठिकाणचे सिम्युलेटर एकमेकांशी जोडण्यासाठी आयईईई १२७८ आणि १५१६ यांसारखी मानके वापरली जातात, पण ती चिंता आपल्याला नाही.

दोन शेजारच्या खोल्या, दोन मोठी टेबले, जाड कागदावर काढलेला नकाशा, रंगीत सोंगट्या, कोनमापक, दोरा, भिंतीवरचे एक घड्याळ आणि बोलण्यासाठी दोन-तीन मोबाइल फोन एवढ्यात काम भागते. नकाशाचे प्रमाण एक सेंटिमीटरला दोन सागरी मैल ठेवावे. ४८० नॉट (म्हणजे ताशी ४८० सागरी मैल) वेगाचे विमान एका मिनिटात आठ सागरी मैल जाते, म्हणजे सोंगटी दर मिनिटाला चार सेंटिमीटर सरकते, आणि हा हिशेब कोणालाही तोंडी करता येतो. झाशी ते ग्वाल्हेर हे सरळ रेषेतील अंतर सुमारे पन्नास सागरी मैल आहे. ते विमान साधारण सव्वासहा मिनिटांत कापते, हे मुलांनी एकदा सोंगटी सरकवून पाहिले की निर्णयासाठी किती थोडा वेळ हाती असतो ते वेगळे समजवावे लागत नाही.

सोंगट्यांचा रंग कशासाठी, हेही सांगून ठेवावे. १९४० मध्ये ब्रिटनच्या हवाई दलाच्या नियंत्रण कक्षांमध्ये भिंतीवरील घड्याळाचे पाच-पाच मिनिटांचे भाग लाल, पिवळ्या आणि निळ्या रंगांत रंगवलेले असत आणि त्या त्या पाच मिनिटांत आलेल्या माहितीची सोंगटी त्याच रंगाची ठेवली जाई. त्यामुळे टेबलावरील कोणती माहिती ताजी आणि कोणती शिळी हे वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळे. ही युक्ती जशीच्या तशी उचलावी. शिळ्या माहितीवर ताजा निर्णय घेण्याची चूक आजच्या संगणकीय पडद्यांवरही होतेच.

चमूची मांडणी

एका खोलीत शिकणारा चमू बसतो. दोघे जण माहिती नकाशावर मांडतात, एक जण विमानाची ओळख ठरवण्याचे काम पाहतो, एक फायटर कंट्रोलर असतो आणि एक वरिष्ठ नियंत्रक. दुसऱ्या खोलीत सराव चालवणारे असतात. एक सूत्रधार दर मिनिटाला ट्रॅकचा (रडारवर माग ठेवलेल्या प्रत्येक विमानाचा) क्रमांक, ठिकाण, उंची आणि वेग लिहिलेली चिठ्ठी पाठवतो आणि दोघे जण वैमानिकांची भूमिका करतात. याशिवाय किमान दोन निरीक्षक हवेत. त्यांनी चमूच्या खोलीत भिंतीला लागून बसावे आणि सराव संपेपर्यंत एक शब्दही बोलू नये. हे शेवटचे पाळणे निवृत्त मंडळींना सर्वांत जड जाते.

वैमानिकांची भूमिका करणाऱ्यांविषयी अधिक सावध राहावे लागते. ते फार आज्ञाधारक झाले, प्रत्येक सूचना पहिल्या फटक्यात ऐकू लागले आणि तत्काळ उत्तर देऊ लागले, तर कंट्रोलरला खोटी सवय लागते. त्यांनी कधी उशिरा उत्तर द्यावे, कधी ‘पुन्हा सांगा’ म्हणावे, कधी दोघांनी एकाच वेळी बोलून वाहिनी अडवावी. एका वेळी एकानेच बोलायचे ही रेडिओची अट पाळण्यासाठी फोन कॉलवर बोलणाऱ्याशिवाय सर्वांचा माइक बंद असावा. अंक एकेक करून उच्चारावेत. आपल्याकडे घरात मराठी आणि मित्रांत हिंदी बोलणारी मुले ‘एकोणचाळीस’ आणि ‘उनतालीस’ यांच्यात ऐन घाईत अडखळतात, त्यामुळे ‘थ्री-नाइन’ म्हणणेच बरे.

पहिल्या दिवशी एकच कौशल्य हाताखालून जाऊ द्यावे आणि ते म्हणजे विमान अडवण्याचा मार्ग काढणे. १९३६ च्या सुमारास इंग्लंडमधील बिगिन हिल येथे, रडारची साखळी पूर्ण होण्यापूर्वीच, हे कसे करावे याचे प्रयोग झाले आणि शास्त्रज्ञ हेन्री टिझर्ड यांनी समद्विभुज त्रिकोणाची सोपी रीत सुचवली. आपले विमान आणि लक्ष्य यांना जोडणारी रेषा दोऱ्याने ताणावी. लक्ष्याचा मार्ग त्या रेषेशी जो कोन करतो, तोच कोन आपल्या विमानाने रेषेच्या त्याच बाजूला धरावा. दोघांचा वेग सारखा असेल आणि कोन काटकोनापेक्षा लहान असेल, तर त्रिकोणाच्या टोकाशी गाठ पडते. समजा लक्ष्य आपल्या बरोबर पूर्वेला ६० सागरी मैलांवर असून २४० अंशांवर (अंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजायचे) चालले आहे. त्याच्याकडून आपल्याकडे येणारी दिशा २७० अंश असल्याने कोन ३० अंशांचा झाला. म्हणून आपल्या विमानाने ९० अंशांऐवजी १२० अंश धरावेत. दोघांनाही सुमारे ३५ सागरी मैल कापावे लागतील आणि ४८० नॉट वेगाने गाठ साधारण चार मिनिटे वीस सेकंदांनी पडेल. लक्ष्य वळले की दोरा पुन्हा ताणायचा. मुलांना हे आवडते, आणि त्यात रमून ते बाकीच्या चमूला विसरतात. पुढची सत्रे याच विसरण्यावर आखायची आहेत.

प्रसंगांची आखणी

नवखा शिक्षक आधी कथानक रचतो. अमुक देशाने हल्ला केला, इतकी विमाने आली, असे. त्यातून गंमत होते, शिक्षण फारसे होत नाही. क्रम उलटा हवा. या सत्रात चमूने कोणते वर्तन दाखवावे अशी आपली इच्छा आहे ते एका वाक्यात लिहावे, ते वर्तन केल्यावाचून सुटणार नाही असा प्रसंग शोधावा, तो कितव्या मिनिटाला येणार ते ठरवावे आणि त्या वेळी निरीक्षकाला काय दिसले पाहिजे हे आधीच कागदावर उतरवावे. प्रसंगांसाठी कल्पनाशक्ती ताणण्याची गरज नाही. झालेल्या दुर्घटना पुरेशा आहेत, आणि त्यांचा अभ्यास मृतांविषयीच्या आदराने करावा.

३ जुलै १९८८ रोजी अमेरिकी नौदलाच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेने इराणचे प्रवासी विमान शत्रूचे समजून पाडले आणि त्यातील २९० जण मृत्युमुखी पडले. विमान वर चढत असल्याचे नौकेच्या यंत्रणेत नोंदले जात होते, तरी ते खाली उतरत असल्याचे नियंत्रण कक्षात सांगितले गेले. त्याच्या ट्रॅकचा क्रमांकही मध्येच बदलला होता. यावरून आपला प्रसंग असा बेतता येईल. सातव्या मिनिटाला इटाव्यावर तीस हजार फुटांवर, ओळखीचा संकेत न देणारा ट्रॅक १२ दिसतो आणि ग्वाल्हेरकडे येऊ लागतो. ४८० नॉट वेगाने त्याला सात मिनिटे लागतात. दहाव्या मिनिटाला सूत्रधार चिठ्ठीवर त्याचा क्रमांक बदलून २१ करतो आणि १२ हा क्रमांक शिवपुरीकडून झपाट्याने खाली येणाऱ्या दुसऱ्याच विमानाला देतो. आता कोणी ‘१२ ची उंची किती?’ असे विचारले आणि उत्तर देणाऱ्याने फक्त क्रमांक पाहून उंची सांगितली, तर एका विमानाची उंची दुसऱ्याच्या माथी बसते. निरीक्षकाने पाहायचे ते एवढेच : क्रमांक बदलल्याचे कोणी मोठ्याने सांगितले का, आणि उंची सांगताना एकच आकडा दिला की मागचा आणि आताचा असे दोन आकडे देऊन चढण किंवा उतार स्पष्ट केला. ग्वाल्हेरच्या विमानतळावर लष्करी आणि नागरी अशी दोन्ही विमाने उतरत असल्याने, ओळख न पटलेले विमान प्रवासी असू शकते ही शंका येथील मुलांना पटवून द्यावी लागत नाही.

दुसरा प्रसंग १४ एप्रिल १९९४ च्या घटनेवरून घ्यावा. उत्तर इराकवर अमेरिकेच्याच दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाडली आणि २६ जण गेले. वर ॲवॅक्स विमान होते, त्यातील चमूला हेलिकॉप्टरच्या उड्डाणाची माहिती होती. परंतु हेलिकॉप्टर वेगळ्या रेडिओ वाहिनीवर होती, डोंगराळ भागात रडारवरून त्यांचा माग सुटत होता, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे नेमके कोणाकडे आहे हे कोणीच पक्के धरून बसले नव्हते. आपल्या नकाशावर एक संथ, आपले हेलिकॉप्टर चंबळच्या बेहडांकडे जाऊ द्यावे, बाराव्या मिनिटाला चिठ्ठ्या बंद कराव्यात आणि सतराव्या मिनिटाला तेच हेलिकॉप्टर वेगळ्या ठिकाणी क्रमांकाशिवाय दाखवावे. माग सुटल्यावर सोंगटी उचलली गेली की ‘शेवटचे येथे दिसले’ अशी खूण ठेवली गेली? आणि ती खूण कोणाच्या जबाबदारीवर आहे हे कोणी बोलले का? आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ रोजी बडगाम येथे आपल्याच क्षेपणास्त्राने एमआय-१७ हेलिकॉप्टर पडून हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक असे सात जण गेले. ती मोठी चूक होती हे हवाई दलप्रमुखांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे मान्य केले. तेव्हा हा प्रश्न परक्या देशापुरता नाही. त्याच २७ फेब्रुवारीला फायटर कंट्रोलर म्हणून केलेल्या कामगिरीबद्दल स्क्वाड्रन लीडर मिंटी अगरवाल यांना पुढे युद्ध सेवा पदक मिळाले, हेही मुलींना अवश्य सांगावे.

याखेरीज इंधन संपत आल्याचे वैमानिकाने ऐन वेळी कळवणे किंवा दोन मिनिटे फोन बंद पडणे असे छोटे अडथळे आहेतच. पण पहिल्या आठवड्यात एकच प्रसंग पुरे. सगळे एकदम ओतले की चमू गोंधळतो, आणि गोंधळ कशामुळे झाला हे निरीक्षकालाही सांगता येत नाही.

सराव चालू असताना

सत्र अर्ध्या तासाहून लांबवू नये. आधी दहा मिनिटांत हवामान, आपली विमाने, नियम आणि ओळखीच्या पायऱ्या समजावून द्याव्यात. अनोळखी विमान, शत्रू म्हणून ओळखलेले विमान आणि ज्याच्यावर मारा करण्याची परवानगी आहे असे विमान या तीन वेगळ्या अवस्था आहेत. पहिलीवरून तिसरीवर उडी मारता येणार नाही आणि शेवटची पायरी केवळ वरिष्ठ नियंत्रकच ओलांडू शकेल, असा नियम फलकावर लिहून ठेवावा.

सत्राच्या मध्ये एक-दोनदा, कोणालाही पूर्वसूचना न देता, सूत्रधाराने घड्याळ थांबवावे, नकाशावर चादर टाकावी आणि प्रत्येकाला कोऱ्या कागदावर उत्तरे लिहायला सांगावीत : आकाशात किती विमाने आहेत, आपल्या सर्वांत जवळचे अनोळखी विमान कोठे आहे, दोन मिनिटांनी ते कोठे असेल? संशोधक मीका एंडस्ले यांनी १९८८ मध्ये मांडलेली ही रीत आहे. पाच जणांच्या पाच कागदांवर पाच वेगळी आकाशे निघतात तेव्हा मुले आधी हसतात, आणि मग गप्प होतात.

निरीक्षकाच्या हाती दोन रकाने असलेला साधा कागद द्यावा. कोणी विचारल्यावर दिलेली माहिती एका रकान्यात आणि न विचारता, गरज ओळखून आधीच दिलेली माहिती दुसऱ्या रकान्यात, अशा उभ्या रेघा मारत जायच्या. चमू जसजसा जुळत जातो तसतसा दुसरा रकाना भरू लागतो. चमूची प्रगती दाखवणारे याहून स्वस्त माप मला माहीत नाही. किती लक्ष्ये अडवली ही संख्या मात्र फसवी असते, कारण एखादा हुशार कंट्रोलर एकट्याच्या बळावर ती वाढवून दाखवू शकतो.

डिब्रीफ : सरावानंतरची चर्चा

सरावाइतकाच, शक्य तर अधिक वेळ येथे द्यावा आणि तो त्याच दिवशी, चहा झाल्यावर लगेच द्यावा. व्हिन्सेन्सच्या घटनेनंतर अमेरिकी नौदलाने ताणाखालील निर्णयांवर दीर्घ संशोधन हाती घेतले. त्यातून निघालेल्या पद्धतीत चर्चा चार बाजूंनी होते : माहितीची देवाणघेवाण, बोलण्याची स्पष्टता, एकमेकांना सांभाळून घेणे आणि पुढाकार. हाच क्रम धरावा, आणि प्रत्येक बाजूसाठी चमूने स्वतः एक चांगले आणि एक चुकलेले उदाहरण द्यावे. शिक्षकाने आपले उदाहरण सर्वांत शेवटी मांडावे.

बोलण्याची सुरुवात वरिष्ठ नियंत्रकाची भूमिका करणाऱ्याने, आपले काय चुकले ते सांगून करावी. आपल्याकडे ‘सर’ म्हटल्यावर त्यांच्यासमोर त्यांचीच चूक काढणे मुलांना अवघड वाटते, आणि वयाने मोठ्या दादा-ताईंबाबतही तेच होते; वरच्याने दार उघडले तरच खालचे बोलतात. ‘तू असे का केलेस?’ हा प्रश्न टाळावा, कारण त्याचे उत्तर सबबीतच मिळते. ‘त्या मिनिटाला तुझ्यासमोर काय होते, आणि तुला काय हवे होते?’ असे विचारावे. शब्दाला शब्द लागला तर फोनवरील ध्वनिमुद्रण लावावे, पण तेवढ्याच अर्ध्या मिनिटाचे. सबंध मुद्रण ऐकत बसल्यास चर्चा मरते. बोलणे मराठीत होवो, हिंदीत होवो, मिसळून होवो, त्यावर अडून बसू नये.

शेवटी चमूने पुढील सत्रासाठी एकच बदल ठरवून तो लिहून द्यावा, उदाहरणार्थ ‘क्रमांक बदलला की मांडणारा तो दोनदा मोठ्याने सांगेल आणि ओळख पाहणारा परत उच्चारेल’. पुढच्या आठवड्यात तोच प्रसंग, दिशा आणि वेळ बदलून, पुन्हा आणावा आणि तो बदल टिकला की नाही एवढेच पाहावे. तो टिकल्यावरच विमानांची संख्या वाढवावी किंवा दुसरा प्रसंग जोडावा. दोन-तीन सत्रांनी भूमिका फिरवाव्यात. वैमानिकाच्या खुर्चीत एकदा बसून उशिरा आलेली सूचना ऐकली की कंट्रोलरचे बोलणे आपोआप आखूड होते. चिठ्ठ्या, निरीक्षकांचे कागद आणि चमूने लिहून दिलेले बदल एकाच वहीत तारखेनिशी चिकटवून ठेवावेत, म्हणजे पुढील वर्षी नवी तुकडी आली की प्रसंग पहिल्यापासून रचावे लागणार नाहीत.